अंगणातील गणित वर्गात कसे आणावे?

कला शाखेत प्रवेश घेणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मनात पहिल्या दिवशी एक सुटकेची भावना असते. 'गणित सुटले' ही ती भावना होय. तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु तिचा विचार मात्र व्हावयास हवा. कारण गणित जसे आपल्यापासून सुटते, तशी आपल्या खेड्यांतील कित्येक मुलामुलींची शाळाच गणितापायी सुटते. दहावीच्या निकालाच्या दिवशी आमच्या गावात 'किती टक्के पडले?' असे फारसे कोणी विचारीत नाही. 'गणित निघाले का?' असे विचारतात.

मी बी. ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आई चौथीपर्यंत शिकली, बाबांची शाळा सातवीत सुटली. रिसोड तालुक्यातील आमच्या गावी मी संध्याकाळी एस. टी.ने परतल्यावर पाचवी ते आठवीच्या पंधरा-वीस मुलांचा अभ्यास समाजमंदिराच्या ओट्यावर घेते. गेल्या दोन वर्षांत रांगोळी, सणवार, जयंत्या, क्रिकेट अशा मुलांच्या ओळखीच्या गोष्टींतून गणित शिकविण्याचे काही प्रयोग तेथे केले. त्यांतून जे हाती लागले ते विद्यार्थिमित्रांपुढे आणि प्राध्यापकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : सण आणि कला ह्यांचा उपयोग गणिताच्या कडू गोळीवरील साखर म्हणून करू नये. त्यांच्यात गणित आधीपासूनच आहे. ते उघडे करून त्याला नाव द्यावे, आणि पुढचा प्रश्न विचारावा. असे झाले तरच मूल पुढे सरकते. नाहीतर रांगोळी रांगोळीच्या जागी राहते आणि गणित गणिताच्या.

ठिपक्यांची रांगोळी

आमच्याकडे बाया रांगोळीचे माप 'सात ते चार', 'नऊ ते पाच', 'पंधरा ते आठ' अशा शब्दांत सांगतात. सात ते चार म्हणजे मधल्या रांगेत सात ठिपके, तिच्या वर आणि खाली सहा, पुढे पाच आणि शेवटी चार. खालच्या रांगेतील ठिपका वरच्या दोहोंच्या मधोमध येतो, आणि सहा बाजूंची आकृती आपोआप तयार होते. दोन आकडे सांगितले की सगळी आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. कमीत कमी शब्दांत पूर्ण आकृती सांगणे ह्याला गणित नाही तर काय म्हणावे?

मी आईला विचारले, सात ते चारमध्ये एकूण ठिपके किती? ती म्हणाली, "मोजाले कायले लागते, माय? मधात सात घेतले अन् शेवटी चार ठेवले, की झालं." आईचे बरोबरच आहे. रांगोळी काढणाऱ्याला एकूण संख्येची गरज पडत नाही. ती गरज वर्गाने निर्माण करावयाची असते, आणि शाळेचे काम येथून सुरू होते.

ओट्यावर मुलांना चिंचोके दिले. सात ते चार मांडून मोजले तेव्हा ३७ भरले. मग मधला एक चिंचोका बाजूला काढला आणि उरलेल्या ३६ चे सहा सारखे वाटे करा, असे सांगितले. थोड्या खटपटीने मुलांना सहा त्रिकोण सापडले. प्रत्येक त्रिकोणात एक, दोन आणि तीन अशा रांगा, म्हणजे सहा चिंचोके. अर्थात ६ × (१ + २ + ३) + १ = ३७. त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा होता : नऊ ते पाचमध्ये किती, हे न मांडता सांगा. ६ × (१ + २ + ३ + ४) + १ = ६१ हे उत्तर आधी आले आणि मांडणी नंतर झाली. पंधरा ते आठ ही तर दारापुढे काढावयाची मोठी रांगोळी. तिचे उत्तर ६ × २८ + १ = १६९.

हे उत्तर पहिल्यांदा देणारी मुलगी आठवीतली होती. तिला शाळेतून काढावे असे तिच्या घरी चालले होते. "गनित येत नाई तिले, मंग दहावी कशी निघन? त्यापरीस सोंगणीले तं कामी येईन," हा तिच्या वडिलांचा हिशेब होता. ह्याच मुलीच्या रांगोळ्या दिवाळीत गावात सर्वांत देखण्या असतात. तिच्या बोटांना जे येत होते त्याला शाळेच्या वहीत नाव नव्हते, एवढीच अडचण होती. एका रांगोळीने तिचे गणित सुधारले असे मी म्हणणार नाही. तसे झालेले नाही. परंतु 'मला काहीच येत नाही' हे तिचे वाक्य त्या दिवसापासून बदलले. 'मला रांगोळीचे येते, पुस्तकातले येत नाही' असे ती म्हणू लागली. ह्या दुसऱ्या वाक्याला निदान उपाय आहे.

हेच ठिपके पुढेही नेता येतात. एक ठिपका, तीन ते दोन, पाच ते तीन, सात ते चार ह्या रांगोळ्यांतील ठिपके अनुक्रमे १, ७, १९, ३७ आहेत. त्यांची बेरीज करीत जावे : १ + ७ = ८, त्यात १९ मिळविले की २७, आणि ३७ मिळविले की ६४. म्हणजे २, ३ आणि ४ चे घन. अंगणातील सपाट रांगोळीतून घन संख्या कशा निघाल्या, हे कोडे आठवीच्या मुलांना दोन दिवस पुरले. खडूच्या चौकोनी तुकड्यांनी उत्तर मिळाले. ४ × ४ × ४ चा ठोकळा कोपऱ्याकडून पाहिला, तर दिसणाऱ्या तीन बाजूंवर मिळून ३७ तुकडे असतात. ते काढले की आत ३ × ३ × ३ चा ठोकळा उरतो.

अंगोलातील वाळू आणि आपला मसावि

ठिपक्यांचा हा खेळ आपल्याच देशात आहे असे नाही. तामिळनाडूत ठिपक्यांभोवती अखंड रेषा फिरवून कोलम काढतात हे पुष्कळांना ठाऊक असेल. आफ्रिकेतील अंगोला देशाच्या पूर्व भागातील चोक्वे लोकांत वाळू सपाट करून बोटांच्या टोकांनी ठिपके उमटवितात आणि त्यांच्याभोवती रेषा फिरवीत गोष्ट सांगतात. ह्या चित्रांना 'सोना' म्हणतात. पाउलुस गेर्देस (१९५२–२०१४) ह्या मूळच्या डच गणितज्ञाने मोझांबिकमध्ये राहून त्यांचा अभ्यास केला. १९७५ साली पोर्तुगालच्या सत्तेतून मुक्त झालेल्या त्या देशात गणित ही गोऱ्या लोकांनी आणलेली वस्तू आहे असा समज होता. गेर्देस ह्यांनी टोपल्यांची वीण, चटया आणि वाळूतील चित्रे ह्यांमधील गणित दाखवून तो समज खोडून काढला. ब्राझीलचे उबिराटान डी'अँब्रोसिओ (१९३२–२०२१) ह्यांनी ह्या अभ्यासशाखेला 'एथ्नोमॅथेमॅटिक्स' हे नाव दिले. आपण तिला लोकगणित म्हणू.

ह्या चित्रांपैकी एक प्रकार वर्गात सहज करता येतो. पाटीवर तीन आडव्या रांगांत चार-चार ठिपके द्यावेत आणि भोवती चौकट आखावी. दोन शेजारच्या ठिपक्यांत जेवढे अंतर असेल त्याच्या निम्म्या अंतरावर चौकट असावी. ही चौकट म्हणजे कॅरमबोर्ड समजावा. खालच्या कडेवर, पहिल्या ठिपक्याच्या बरोबर खालून, तिरपी रेषा सोडावी. ती दोन ठिपक्यांच्या मधून जाते, कडेला आदळली की स्ट्रायकरसारखी वळते, आणि फिरत फिरत निघाल्या जागी परत येते. ३ × ४ ठिपक्यांत ही एकच रेषा सर्व ठिपक्यांना वेढून टाकते. ४ × ६ घेतले तर एक रेषा पुरत नाही, दोन लागतात. ३ × ६ मध्ये तीन लागतात.

किती रेषा लागतील हे आधी कसे ओळखावे? मुलांनी तक्ता केला, आणि सहावीतील एक मुलगा ओरडला, "ताई, हा तं मसावि हाय!" खरोखर तसेच आहे. दोन्ही संख्यांचा महत्तम सामाईक विभाजक जेवढा, तेवढ्याच रेषा. मसावि आणि लसावि ही परीक्षेपुरती पाठ करावयाची नावे आहेत असे जे मूल समजत होते, त्याला मसावि डोळ्यांनी पाहावयास मिळाला.

सणांच्या तारखा

आता सणांकडे वळू. आपल्या वर्गात सगळ्या घरांची मुले असतात. कोणाच्या घरी दिवाळी असते, कोणाच्या घरी ईद असते, कोणी १४ एप्रिलला निळ्या पताका लावतो, कोणाच्या तांड्यावर १५ फेब्रुवारीला संत सेवालाल महाराजांची जयंती असते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी तर बंजारा समाजाचे मोठे तीर्थक्षेत्रच आहे. सणांवर गणित घ्यावयाचे आणि एकाच घरचे सण घ्यावयाचे, हे बरे नव्हे. तसे केल्यास बाकीची मुले पाहुणी होतात. शिवाय त्यात गणिताचेही नुकसान होते. कारण खरे गणित आहे ते ह्या सणांच्या तुलनेतच.

मुलांना जुन्या दिनदर्शिका जमवून आणावयास सांगितल्या. त्यांतून निघालेल्या तारखा अशा :

रमजान ईद : ३ मे २०२२, २२ एप्रिल २०२३, ११ एप्रिल २०२४, ३१ मार्च २०२५.
लक्ष्मीपूजन : २४ ऑक्टोबर २०२२, १२ नोव्हेंबर २०२३, १ नोव्हेंबर २०२४, २१ ऑक्टोबर २०२५.
आंबेडकर जयंती : दर वर्षी १४ एप्रिल.

ईद दर वर्षी अकरा दिवसांनी मागे सरकते. लक्ष्मीपूजन २०२३ साली १९ दिवस पुढे गेले, आणि मग दोन्ही वर्षी अकरा-अकरा दिवसांनी मागे आले. असे का होते, हाच पाठ होय.

एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. असे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. ऋतूंचे वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. वजाबाकी ११. ईदच्या तारखांत जो अकरा दिसला तो हा. हिजरी वर्ष चंद्राचेच राहते, म्हणून ईद सगळ्या ऋतूंतून फिरते. ३६५ ला ११ ने भागले की सुमारे ३३ येतात. म्हणजे आज उन्हाळ्यात आलेली ईद पुन्हा त्याच दिवसांत यावयास साधारण ३३ वर्षे लागतात. दिवाळीला असे फिरू दिले तर ती कधी पेरणीत येईल आणि कधी भर उन्हाळ्यात. सोयाबीन घरात येण्याच्या सुमारास दिवाळी यावी, तर अकरा-अकरा दिवसांची साठलेली उधारी कधीतरी फेडलीच पाहिजे. तीन वर्षांत ती ३३ दिवसांची, म्हणजे एका महिन्याहून अधिक होते. म्हणून अधिक मास धरतात. २०२० साली अधिक आश्विन होता, २०२३ साली अधिक श्रावण, आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठ. २०२३ चे कोडे येथे सुटते : २४ ऑक्टोबरच्या अकरा दिवस अलीकडे १३ ऑक्टोबर, आणि त्यात तीस दिवसांचा महिना मिळविला की १२ नोव्हेंबर.

आठवीच्या मुलांकडून आणखी एक गुणाकार करून घेतला. १९ वर्षांत सात अधिक मास येतात, म्हणजे १९ × १२ + ७ = २३५ महिने. २३५ × २९.५३ = ६९३९.५५ दिवस. तिकडे १९ × ३६५.२४ = ६९३९.५६ दिवस. दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत जवळजवळ मेळ बसला, तेव्हा फळ्यापाशी क्षणभर शांतता पसरली. दशांश अपूर्णांक कशाला शिकावयाचे, ह्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

तारीख न हलणाऱ्या जयंतीतही गणित आहे. १४ एप्रिल २०२३ रोजी शुक्रवार होता, २०२४ साली रविवार, २०२५ साली सोमवार. एकदा दोन वार पुढे आणि एकदा एकच, असे का? ३६५ ला ७ ने भागून बाकी एक उरते, आणि २०२४ साली २९ फेब्रुवारी मध्ये आली, हे मुलांनी स्वतःच काढले.

येथे आपल्या गावाची एक गोष्ट सांगावीशी वाटते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सातव्या शतकातील ज्योतिर्गणिती पहिला भास्कर ह्याने 'महाभास्करीय' ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरील ठिकाणांची यादी दिली आहे. वेळ आणि ग्रहांची स्थाने ह्या रेषेपासून मोजीत. तिच्यावर अवंती, म्हणजे उज्जैन आहे हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच यादीत वत्सगुल्माचेही नाव आहे. आजच्या नकाशात उज्जैन सुमारे ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आणि वाशीम सुमारे ७७.१ अंशांवर आहे, म्हणजे दोहोंत सव्वा अंशाहून थोडा अधिक फरक पडतो. एका अंशाला ४ मिनिटे, तर वाशीमचा सूर्य उज्जैनच्या सूर्याहून किती आधी माथ्यावर येईल? उत्तर, सुमारे पाच मिनिटे. इतिहासाचा अभिमान बाळगावा. परंतु त्याला असे एक उदाहरणही जोडावे, म्हणजे तो अभिमान वहीत उतरतो.

जयंतीचा जादूचा चौरस

महाराष्ट्रात ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले ह्यांची जयंती शाळाशाळांतून साजरी होते. भाषणे होतात, फोटोला हार घातला जातो. ह्याच दिवशी एक तास बीजगणिताचा घेता येईल. श्रीनिवास रामानुजन ह्यांच्या जन्मतारखेचा (२२ डिसेंबर १८८७) एक जादूचा चौरस प्रसिद्ध आहे. त्याच्या पहिल्या ओळीत २२, १२, १८, ८७ असे आकडे आहेत, आणि प्रत्येक ओळीची, स्तंभाची आणि कर्णाची बेरीज १३९ येते. त्याची घडण अक्षरांत अशी मांडता येते :

क, ख, ग, घ
घ + १, ग − १, ख − ३, क + ३
ख − २, क + २, घ + २, ग − २
ग + १, घ − १, क + १, ख − १

आता सावित्रीबाईंची जन्मतारीख घ्यावी, ३ जानेवारी १८३१. म्हणजे क = ३, ख = १, ग = १८, घ = ३१. चौरस असा होतो :

३, १, १८, ३१
३२, १७, −२, ६
−१, ५, ३३, १६
१९, ३०, ४, ०

कोठूनही बेरीज केली तरी ५३. ह्या चौरसात −२ आणि −१ आले आहेत हे पाहून मुलांना प्रथम वाटले की काही तरी चुकले. बेरीज करून पाहिल्यावर ती बरोबरच निघाली. ऋण संख्या हा शिक्षकांनी त्रास देण्यासाठी काढलेला प्रकार नव्हे, तिच्यावाचून चौरस पुरा होत नाही, हे त्यांना न सांगता पटले. १४ एप्रिल १८९१ घेतली तर प्रत्येक बेरीज १२७ येते. तो चौरस वाचकांनी स्वतः करून पाहावा. नंतर प्रत्येकाने स्वतःच्या जन्मतारखेचा चौरस केला. पण मी तेथे थांबले नाही. कोणतीही तारीख घेतली तरी बेरीज सारखीच का येते, हे विचारले. दुसऱ्या ओळीत + १, − १, − ३, + ३ मिळून शून्य होते, हे सातवीतील एकाने दाखविले. बीजगणितात अक्षरे कशासाठी येतात, हे त्या दिवशी पुष्कळांना कळले.

क्रिकेट आणि मोटारसायकली

आमच्या मुलांना क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असतात. त्यांना विचारले : १२.३ षटकांत १०० धावा झाल्या, तर षटकामागे धावा किती? मोबाईलवरील गणकयंत्रात १०० भागिले १२.३ केले की ८.१३ येते. परंतु हे उत्तर चूक आहे. १२.३ षटके म्हणजे बारा षटके आणि तीन चेंडू, म्हणजे साडेबारा षटके. खरी गती बरोबर ८. षटकात सहा चेंडू असतात, म्हणून तो ठिपका दशांश चिन्ह नव्हेच. रुपयांत ५० पैसे म्हणजे .५०, आणि षटकात तीन चेंडू म्हणजे .३, दोन्ही अर्धेच. एकच चिन्ह दोन ठिकाणी दोन अर्थ घेऊन येते, हे ओळखणे हाही गणिताचाच भाग आहे.

रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलींचे क्रमांकही असेच कामी आले. आपल्या जिल्ह्यातील गाड्यांवर एम. एच. ३७ असते आणि त्यापुढे आकडे. चार अंकी क्रमांक घ्यावा, मात्र चारही अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. समजा ३५२४ घेतला. ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. येथे पोचल्यावर संख्या हलतच नाही, आणि कोठूनही निघालो तरी सात पायऱ्यांच्या आत येथेच येतो. हा शोध लावणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. वजाबाकीच्या सरावाची वीस उदाहरणे कंटाळत करणाऱ्या मुलांनी त्या संध्याकाळी चाळीस वजाबाक्या आपणहून केल्या.

सजावट कोणती आणि गणित कोणते?

ह्या सर्व खटाटोपावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा, की हे सगळे मनोरंजन आहे, परीक्षेत रांगोळी विचारीत नाहीत. आक्षेप खरा आहे. काही ठिकाणी गणित दिन साजरा होतो तेव्हा मुलांकडून चित्रे रंगवून घेतात, त्यांवर बेरजा लिहून घेतात, फोटो काढतात आणि दिवस संपतो. त्या चित्रातून बेरीज पुसून टाकली तरी चित्राचे काही बिघडत नाही. माझ्या मते कसोटी हीच आहे. कृतीतून गणित काढून घेतले तर कृती मोडते की नाही? पंधरा ते आठच्या रांगोळीतील क्रम काढून घ्या, रांगोळीच राहत नाही. दिवाळी आणि ईद ह्यांतील अकराचा फरक काढून घ्या, पाठच उरत नाही. दुसरी कसोटी अशी, की पुढे काय येईल हे मुलाला न मांडता, न पाहता सांगता आले पाहिजे. तिसरी अशी, की वर्गातील प्रत्येक घरच्या मुलाला त्या कृतीत शिरावयास दार असले पाहिजे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. 'आपल्या पूर्वजांना हे सगळे आधीच माहीत होते, मग शाळेची गरज काय?' हे म्हणणे ऐकावयास गोड आहे, पण खरे नाही. माझ्या आईला रांगोळी घालण्याचा नियम ठाऊक आहे. बेरजेचे सूत्र तिला ठाऊक नव्हते. तिला ते ठाऊक होते असे मी म्हटले तर तो तिचा खोटा गौरव होईल. मात्र 'ती अडाणी आहे' हेही तितकेच खोटे आहे. नियम तिने दिला, सूत्र शाळेच्या शिक्षणाने दिले, आणि दोहोंच्या भेटीवाचून पंधरा ते आठचे १६९ निघाले नसते. सूत्र समजावून सांगितले तेव्हा आई म्हणाली, "मंग एकवीस ते अकराचे सांग बरं." मी ३३१ सांगितले. तिने होळीच्या दिवशी ती रांगोळी घातली आणि ठिपके खरोखर मोजून घेतले.

तिसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा असतो, आणि एका रांगोळीला दोन संध्याकाळी लागतात. ह्याला माझ्याजवळ पुरे उत्तर नाही. एवढेच सांगते, की मसावि मी तीन वेळा फळ्यावर शिकविला होता आणि एकदा ठिपक्यांवर. दिवाळीनंतर मुलांच्या लक्षात राहिला तो ठिपक्यांवरचा. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलाच्या विचारालाच गणिती वळण देणे हे गणित शिकविण्याचे मुख्य उद्दिष्ट मानले आहे. विचाराला वळण लागावयाचे तर त्याला थोडा अवधी द्यावाच लागतो.

वर उल्लेख केलेली मुलगी आज नववीत आहे. तिचे नाव शाळेतून काढले गेले नाही. सूत्र म्हटले की ती अजून बिचकते, आणि दहावीला गणित निघेल की नाही ह्याची चिंता तिच्या घरी आहे, मलाही आहे. तिच्यापुढे दीड वर्ष आहे, आणि रविवार आहेत.

आपल्यापैकी अनेकजण पुढे शिक्षक होणार आहेत. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर वर्षी सात दिवस एखाद्या खेड्यात भरते. ह्या वर्षी त्यातील एक दुपार अशी ठेवावी, की प्रत्येकाने त्या गावातील एका घरी जावे. एखादी रांगोळी असेल, फेटिया-कांचळीवरील आरशांची ओळ असेल, टोपलीची वीण असेल, लेझीमचा ठेका असेल. ती करणाऱ्या व्यक्तीला तिचा नियम विचारून वहीत उतरवावा, आणि संध्याकाळी गावातील मुलांना बसवून त्या नियमातून पुढचा प्रश्न काढावा. मराठी, इतिहास, समाजशास्त्र ह्या कोणत्याही विषयाच्या विद्यार्थ्याला हे जमण्यासारखे आहे. प्राध्यापक महोदयांनी ह्या सूचनेचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. पहिली वही मी आणीन. तिच्यात आईची पंधरा ते आठ आहेच.